पहिलटकर

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत असत. शिस्तीचे, मितभाषी, लिफ्टमध्ये भेटले तर फक्त मान हलवणारे. दारावर पितळी पाटी, पाटीवर नाव, नावापुढे बी.कॉम., सीएआयआयबी. पाटी अजून आहे, फ्लॅट तोच आहे, माणूसही तोच आहे; पण आता तिथे ब्रूनोचे बाबा राहतात. कुरिअरवाला तेच नाव घेतो, दूधवाला तेच घेतो. मागच्या महिन्यात देखभालखर्चाच्या पावतीवर खजिनदारांनी चुकून तेच लिहिलं, तर यांनी ती दुरुस्त करून न घेता फाइलला लावली.

असे एक तरी बाबा आता पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत असतात आणि ते ओळखायला सोपे असतात. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक ओरखडे, लेंग्याच्या पायाला दातांनी पाडलेली भोकं, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. भाजीवालीला सुटे द्यायला खिशात हात घातला की आधी काळ्या पिशव्यांचं भेंडोळं निघतं, मग एक तपकिरी गोळी, मग आणखी एक गोळी आणि शेवटी दहाचं नाणं. नाण्यालाही गोळीचा वास. भाजीवाली कोथिंबीर आता लांबूनच देते. बोलणं कुठूनही सुरू करा, पेन्शन, पाऊस, मेट्रो. तिसऱ्या वाक्याला ते शीवर येतं. "काल जरा पातळ होती, आज बांधून आहे." हे वाक्य चहाचा कप हातात असताना म्हटलं जातं. आपल्या हातात.

पिल्लू आणलं मुलीने. तसंच असतं. साठीचा मध्यमवर्गीय मराठी माणूस आपण होऊन कुत्रं आणत नाही; तो फार तर वॉटर प्युरिफायर आणतो. मुलगी आणि जावई दोघंही आयटीत, बाणेरला फ्लॅट, घरून काम. घरून काम करणाऱ्यांना दुपारी तीनच्या सुमाराला जी पोकळी जाणवते ती आमच्या पिढीने भजी तळून भरली असती, यांनी लॅब्राडॉर घेतला. घेतला आणि लगेच कंपनीने आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात बोलावलं. मग पिल्लू, त्याचं अंथरूण, दोन वाडगी, एक रबरी बदक आणि लसीकरणाचं पुस्तक घेऊन मुलगी एका रविवारी आईवडिलांच्या दारात उभी राहिली. "बाबा, फक्त आठ दिवस." ते आठ दिवस अजून चालू आहेत.

त्या रविवारी गृहस्थ म्हणाले होते, "या घरात एक तर ते राहील नाहीतर मी." त्यावर घरात बराच वेळ कुणी काही बोललं नाही, आणि इतक्या वर्षांच्या संसारानंतर न बोलण्याचा अर्थ माणसाला बरोबर कळतो.

पहिली रात्र या जमातीच्या इतिहासात फार महत्त्वाची. दोन महिन्यांचं पिल्लू आईच्या आणि भावंडांच्या उबेतून उठून आलेलं असतं आणि दिवे मालवले की ते रडतं. रडतं म्हणजे आधी कण्हतं, मग गळा काढतं. यावरचे उपाय ठरलेले आहेत. आईच्या अंगाचा वास असलेलं फडकं जवळ ठेवायचं, गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून द्यायची, टिकटिकणारं घड्याळ अंथरुणाखाली ठेवायचं, म्हणजे आईच्या काळजाचे ठोके ऐकल्यासारखं वाटतं. गृहस्थांनी दहा वाजता जाहीर केलं, "रडू दे. लक्ष द्यायचं नाही. आपोआप सवय होते." सव्वाअकराला ते पाणी प्यायला म्हणून उठले. बाराला हॉलमध्ये जमिनीवर गादी आली. साडेबाराला पिल्लू त्यांच्या पोटावर होतं. अंगाई एकही येत नव्हती, कारण कधी म्हणायची वेळ आली नव्हती, तेव्हा त्यांनी हळू आवाजात दत्ताची आरती सुरू केली. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतातच, त्यामुळे औचित्यभंग झाला असं म्हणता येणार नाही.

वहिनी आतल्या खोलीत टक्क जाग्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर मागायला गेलो तर दारातच म्हणाल्या, "भाऊजी, चौऱ्याण्णव साली हे काय म्हणायचे ठाऊक आहे? झोपमोड झाली की व्हाउचरवर चुका होतात."

१९९४ साली मुलगी झाली तेव्हा गृहस्थ परभणीच्या शाखेत होते. शनिवारी रात्री निघायचे, रविवारी आंघोळ करून बाळाला मांडीवर घ्यायचे, फोटो काढवून घ्यायचे आणि मांडी ओली झाली की "अगं, हिने केलं" म्हणून परत करायचे. यात ते जगावेगळे होते असं नाही. त्या काळचे सगळेच बाप बाळाकडे ठेवपावतीसारखे बघायचे; मुदत पूर्ण झाल्यावर, म्हणजे साधारण दहावीला, रक्कम किती झाली ते पाहायचं. मधलं सगळं बायकोच्या खात्यावर. बाळ रात्री किती वाजता उठतं, का उठतं, उठल्यावर कोणत्या खांद्यावर शांत होतं, ही माहिती त्यांच्याकडे नव्हती आणि ती नसण्याने त्यांचं काही अडलंही नव्हतं. प्रमोशन वेळेवर झालं.

आता तेच गृहस्थ रात्री एकचा आणि चारचा गजर लावतात. पिल्लाचं वय जितके महिने साधारण तितके तास ते लघवी धरू शकतं, हा हिशेब त्यांनी पाठ केला आहे आणि बँकवाला असल्यामुळे वरचा एक तास ते 'ग्रेस' म्हणून देतात. गजर व्हायच्या आत तेच जागे होतात. मध्यरात्री अंधारात ड्राय बाल्कनीत उभं राहून एक माजी शाखाधिकारी "शूऽऽ, शूऽऽ" असा आवाज काढतो आणि समोरच्या विंगेतल्या दिवे न लागलेल्या खिडक्यांमागे माणसं हसू दाबतात. झाली की "शाब्बास! हुशार माझा तो!" हा गजर सगळ्या इमारतीला ऐकू येतो. वहिनी म्हणतात, हिला बोर्डात एक्क्याण्णव टक्के मिळाले तेव्हा हे फक्त "गणितात दोन कुठे गेले?" म्हणाले होते.

या सगळ्याची नोंद होते. लॅपटॉपवर एक तक्ता आहे: दिनांक, वेळ, प्रकार, ठिकाण (निर्धारित / अनिर्धारित), स्वरूप, शेरा. शेऱ्यात "समाधानकारक", "पाठपुरावा आवश्यक" अशी भाषा. रात्री साडेदहाला दिवसाचा ताळा जुळवला जातो. एकदा ताळा जुळेना. पाणी प्यायलं होतं, वेळ उलटून गेली होती, पण एका शूची नोंद नव्हती. ती त्यांनी सस्पेन्स अकाउंटला टाकली. दोन दिवसांनी सोफ्यामागून दर्प यायला लागला तेव्हा रक्कम सापडली आणि रीतसर वर्ग करण्यात आली.

कागदपत्रांच्या बाबतीत तर या माणसाला स्वर्गच मिळाला. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दाखल्यावर पिल्लाच्या तीन पिढ्यांची वंशावळ छापलेली असते. पितृपंधरवड्यात गुरुजींनी पणजोबांचं नाव विचारलं तेव्हा यांना नाशिकच्या चुलतभावाला फोन लावावा लागला होता. ब्रूनोच्या पणजोबांचं नाव मात्र किताबांसकट मुखोद्गत आहे. कातडीखाली मायक्रोचिप आहे, तिचा क्रमांक पंधरा आकडी. "आपल्या आधारला बारा," असं ते म्हणतात आणि थांबतात, म्हणजे आपण वजाबाकी करावी. महापालिकेचा परवाना लॅमिनेट केलेला आहे. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासंबंधी २०१७ चे केंद्रीय नियम आहेत, त्यांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, हे वाक्य ते विचारल्याशिवाय सांगतात आणि आठ या आकड्यावर बोट आपटतात. सोसायटीच्या फाटकाशी काळू नावाचा एक जण राहतो, त्याच्याकडे यांतलं काहीही नाही. फक्त त्याचे पूर्वज इमारतीच्या प्लॅनला मंजुरी मिळायच्या आधीपासून इथे आहेत.

लिफ्टचं प्रकरण यानंतर उद्भवलं. आमच्या लिफ्टमध्ये बरीच वर्षं एक सूचना चिकटवलेली होती: 'पाळीव प्राण्यांनी लिफ्टचा वापर करू नये.' प्राणी ती पाळत असत, निदान कुणी तक्रार केली नव्हती. गृहस्थांनी एका रात्री भारतीय प्राणी कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून काढली. सोसायटीला बहुमतानेसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, त्यासाठी जादा पैसे घेता येत नाहीत आणि कुत्रं भुंकतं एवढ्या कारणावरून त्याला घालवता येत नाही. वार्षिक सभेत त्यांनी ही कलमं उभं राहून, चष्मा सावरत, एकेक करून वाचली. राज्यघटनेच्या ५१अ कलमाखाली प्राणिमात्रांविषयी दया बाळगणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य आहे, इथे आवाज चढवला. "हा फतवा काढणारा माणूस कोण होता, त्याने कुठला कायदा वाचला होता?" असं विचारल्यावर अध्यक्षांनी शांतपणे ती सूचना काढून त्यांच्या हातात दिली. खाली सचिव म्हणून त्यांचीच सही होती. गृहस्थ क्षणभरच थांबले. "तेव्हा आपल्याकडे माहिती अपुरी होती," ते म्हणाले. आपल्याकडे म्हणजे सोसायटीकडे.

जनावरांच्या डॉक्टरांकडची प्रतीक्षाखोली ही या मंडळींची चावडी. तिथे कुणाला नाव-आडनाव नसतं. "कोकोच्या आई, आत या." "सिंबाबरोबर कोण आहे?" आमच्या लहानपणी कुत्र्यांची नावं मोत्या, खंड्या, वाघ्या, टिपू अशी चारपाचच होती आणि माणसांची हजार, आता उलट झालं आहे. हल्ली तर चकली, कुल्फी, मोदक अशीही मंडळी भेटतात, आणि मोदकला जंताचं औषध देताना ऐकणं हा चतुर्थीच्या दिवशी बरा अनुभव नव्हे. पिल्लाच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, दर तीन-चार आठवड्यांनी पुढची मात्रा, साधारण सोळा आठवड्यांपर्यंत. तिसऱ्या महिन्यात रेबीजची. या तारखा गृहस्थ हप्त्यांसारख्या पाळतात, आधीच्या दिवशी डॉक्टरांना आठवणीचा संदेश पाठवतात. जगात असा उलटा संदेश मिळणारे हे एकमेव डॉक्टर असावेत.

सगळा भर पार्व्होवर. हा विषाणू १९७८ च्या सुमाराला जगभर पसरला, पिल्लांचा जीव घेतो, जमिनीत महिनोन्महिने टिकतो आणि चपलांना चिकटून घरात येऊ शकतो. ही भीती खरी आहे, तिची थट्टा करण्यात अर्थ नाही. पण तिच्यापायी आमच्या मित्राने दारावर, पितळी पाटीच्या खाली, आणखी एक पाटी लावली ती अशी: 'घरात लहान पिल्लू आहे. चपला जिन्यात काढाव्यात. हात धुवावेत. बेल वाजवू नये, पिल्लू झोपले असण्याची शक्यता आहे. पिल्लू जागे असल्यास बाबा झोपले असण्याची शक्यता आहे.' पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं. उरलेल्या चार-सहा तासांत ते चोवीस तासांचं काम उरकतं.

लसी पूर्ण होईपर्यंत खाली जमिनीवर सोडायचं नाही आणि जगाची ओळख तर नेमकी याच आठवड्यांत करून द्यायची, नाहीतर जन्मभर बुजरं राहतं, असा दुहेरी पेच असतो. तेव्हा गृहस्थ त्याला उपरण्यात बांधून छातीशी धरून फिरवत. "हे बघ रिक्षा. ही घंटागाडी. हे बघ काका, टकलू काका." टकलू काका म्हणजे मी. दिवाळीच्या फटाक्यांना घाबरू नये म्हणून ऑगस्टपासूनच मोबाइलवर लवंगी आणि सुतळी बॉम्बचे आवाज आधी हळू, मग रोज थोडे मोठे करून ऐकवले. पिल्लाला चांगली सवय झाली. खालच्या मजल्यावरच्या आजी मात्र अजून दचकून उठतात.

आता स्वयंपाकघर. घर पिढीजात शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. डॉक्टर म्हणाले, कोरड्या खाण्यात थोडं उकडलेलं चिकन मिसळा, अंडं द्या. वहिनींनी एका वाक्यात निकाल दिला: "माझ्या ओट्यावर नाही." मग ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी इंडक्शनची शेगडी आली, एक पातेलं आलं, पातेल्यावर लाल ऑइल पेंटने 'ब्रू' असं अक्षर आलं. ज्या माणसाने जन्मात गॅस पेटवला नव्हता तो आता मीठ-मसाला न घालता चिकन शिजवतो, हाडाचा कण राहिला नाही ना ते बोटांनी चाचपून बघतो (शिजवलेल्या हाडाच्या कपच्या होतात आणि आतडं फाडतात), गार करतो, आणि त्यात चमचाभर दही घालून फेटतो. चिकनच्या दुकानात मान खाली घालून उभा राहतो. "पाव किलो, बोनलेस. कुत्र्यासाठी," हे दुकानदाराला सांगतो, मग मागच्या माणसाकडे वळून "कुत्र्यासाठी," मग रस्त्यावरून जाणाऱ्या ओळखीच्याकडे बघून हात उंचावून "कुत्र्यासाठी!" सकाळचा चहा मात्र अजून वहिनीच करतात. एकदा मी सुचवून पाहिलं. म्हणाले, "मला अंदाज येत नाही हो, पत्तीचा."

श्रावणात त्यांच्याकडे सत्यनारायण झाला. कुत्र्याला द्राक्षं चालत नाहीत, मूत्रपिंडं बिघडू शकतात आणि बेदाणा म्हणजे वाळलेलं द्राक्षच. प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे नकोत म्हणून यांनी आदल्या रात्रीपासून सत्याग्रह केला. वहिनी म्हणाल्या, सव्वा शेराचा शिरा आणि बेदाणे नाहीत असं कधी ऐकलंय? तडजोड झाली: बेदाणे मोजून घालायचे. पूजा झाल्यावर पानाच्या द्रोणातून प्रसाद घेणाऱ्या प्रत्येकासमोर गृहस्थ गुडघ्यांवर बसून फरशी तपासत होते. त्यांना नमस्कार करतायत असं वाटून दोन पाहुण्यांनी संकोचाने पाय मागे घेतले. कथा चालू असताना गुरुजींनी साधुवाण्याची नौका बुडवली त्या क्षणी आतून वाडगं पालथं झाल्याचा आवाज आला. लॅब्राडॉर हा मुळात लॅब्राडॉरचा नाहीच, न्यूफाउंडलंडचा. गोठत्या समुद्रात कोळ्यांची जाळी ओढायचा, बोटांमध्ये पडदे असतात. त्याचा हा वंशज टँकरच्या पाण्याच्या वाडग्यात दोन्ही पाय घालून उभा राहतो आणि वाडगं उलटं करतो. रोज. कथा असो वा नसो.

दातांविषयी काय सांगावं? पिल्लाला दुधाचे अठ्ठावीस दात असतात, चौथ्या ते सहाव्या-सातव्या महिन्यात ते पडून पुढे बेचाळीस येतात, आणि या संक्रमणकाळात घरातल्या वस्तूंची मोजदाद दातांच्या खुणांनी होते. रिमोटवरचं आवाजाचं बटण गेलं. कोल्हापुरीतली डावी गेली, उजवीला त्याने तोंड लावलं नाही. पंचांगाचं मुखपृष्ठ गेलं. चावल्यावर काय करायचं याची एक पद्धत प्रसिद्ध आहे: भावंडाला लागल्यावर ते जसं किंचाळतं तसं आपण किंचाळायचं, म्हणजे पिल्लाला कळतं की जोर जास्त झाला. त्यानुसार गृहस्थ हॉलच्या मधोमध चार पायांवर उभे राहून "क्यँव!" करत. पिल्लाला हा खेळ अतोनात आवडला. आणखी चावलं. फरशी पुसणाऱ्या मावशींची पद्धत वेगळी आहे. ब्रूनोला पोछा हा आपला जन्मजात वैरी वाटतो; मावशी पुसायला लागल्या की तो फडक्याचं टोक पकडतो, गुरगुरतो, मागच्या पायांवर रेटा देतो आणि ओल्या फरशीवरून फडक्याबरोबर स्वतःही घसरत जातो. मावशी खेचत नाहीत. त्या फडकं त्याच्यासकट एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेतात आणि म्हणतात, "तेवढंच पोटाने पुसून होतंय." दर मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी पाचशेने वाढवून घेतला आहे.

निवृत्त माणूस आणि इंटरनेट यांच्या संयोगातून जे शास्त्र निर्माण होतं तेही इथे भरपूर. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की सुमारे पाव लॅब्राडॉरांमध्ये एका जनुकात खोट असते आणि त्यांना पोट भरल्याचं कळतच नाही. ब्रूनोने अख्खा साबण खाल्ला तेव्हा गृहस्थ अभिमानाने म्हणाले, "जनुक आहे ते." वहिनी म्हणाल्या, "रात्री लाडवांच्या डब्याशी सापडायचं, ते हेच का?" कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब त्यांनी केव्हाच मोडीत काढला आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या विद्यापीठाने २०२० मध्ये, तेही लॅब्राडॉरांवरच अभ्यास करून, नवं सूत्र दिलं: वयाचा नॅचरल लॉग घ्यायचा, सोळाने गुणायचं, एकतीस मिळवायचे. एक वर्षाच्या कुत्र्याचं वय त्यामुळे एकतीस येतं. "म्हणजे वाढदिवसाला हा ताईच्या बरोबरीचा होणार," असं म्हणून त्यांनी कॅलेंडरवर खूण केली. मुलीचा स्वतःचा वाढदिवस त्या कॅलेंडरवर वहिनींच्या अक्षरात आहे.

ताई म्हणजे मुलगी. हे नातं ठरायला वाद झाला. मुलीचं म्हणणं, "बाबा, मी त्याची आई. तुम्ही आजोबा." गृहस्थांनी विचारलं, "आठ दिवसांसाठी म्हणून टाकून गेली ती आई?" मुलगी गप्प झाली, कारण पर्याय ब्रूनोला बाणेरला नेण्याचा होता. तेव्हापासून ती ताई. जावयांचं पद अजून रिकामं आहे; ब्रूनो त्यांना पाहुणे समजतो आणि त्यांचे मोजे नेतो. वहिनींनी आई व्हायला साफ नकार दिला. "मी एकदा झालेय. एकटीने. आता तुमची पाळी." हे वाक्य त्या भांडी लावता लावता म्हणाल्या आणि गृहस्थांनी ते ऐकलंच नाही, कारण ते पिल्लाच्या कानात थेंब टाकत होते.

लसी संपल्यावर ब्रूनोचं तळजाईवर पदार्पण झालं. त्याविषयी लिहिण्यासारखं फारसं नाही. पहाटे तिथे असे पन्नास बाबा असतात, प्रत्येकाला वाटतं आपलाच शहाणा. एक हस्कीवाले बाबाही असतात. सायबेरियाचं जनावर मे महिन्यातल्या पुण्यात आणून त्याला दिवसभर एसीत ठेवणाऱ्यांविषयी माझं मत मी मनातच ठेवतो, कारण त्यांच्या हातात पट्टा असतो. आमच्या मित्राने मात्र त्या गटात लवकरच मानाचं स्थान मिळवलं. नव्या पालकांना ते तक्त्याचा नमुना पाठवतात. "रडू दे, सवय होते" असं म्हणणाऱ्या एका तरुण बापाला त्यांनी परवा बाजूला घेऊन झापलं.

गेल्या रविवारी मुलगी-जावई आले ते पेढे घेऊन. मी तिथेच होतो. मुलगी आईच्या कानात काही बोलली, वहिनींनी डोळ्यांना पदर लावला, आणि गृहस्थांना कळायला तेवढा वेळ लागला जेवढा पेढा ब्रूनोपासून वाचवायला लागतो. मग ते उठले. लॅपटॉप उघडून नवं पान सुरू केलं, वर 'बाळ' असं लिहिलं आणि जुन्या तक्त्यातले रकाने जसेच्या तसे उचलून आणले. निर्धारित, अनिर्धारित.

"बाबा, डायपर असतात," मुलगी म्हणाली.

"डायपरने सवयी बिघडतात. आणि आठ आठवड्यांच्या आत आईपासून दूर करायचं नाही. नियम आहे."

"बाबा, मी आईच आहे. मी कुठे दूर जाणारे?"

"तेच सांगतोय. इथेच यायचं. बाळंतपण इथे. तू झोपायचंस. रात्रीचं सगळं माझ्याकडे. एकचा गजर, चारचा गजर. मला आरती येते."

मुलगी बापाकडे नुसती बघत राहिली. जावयांना आरतीचा संदर्भ लागला नाही, ते मोजा शोधत होते. वहिनी उठून आत गेल्या आणि फुलस्केप कागद आणि पेन घेऊन आल्या.

"लेखी द्या," त्या म्हणाल्या.

गृहस्थांना हे मनापासून पटलं. त्यांनी चष्मा लावला, समास सोडला, विषय लिहिला, 'मी खाली सही करणार' अशी सुरुवात करून रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतली संपूर्ण जबाबदारी विनाअट स्वीकारली, दिनांक घातला आणि सही करून खाली रेघ मारली. वहिनींनी कागद वाचला, उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची पाहिली.

"जामीनदार?" त्यांनी विचारलं.